न कापलेला शर्ट

कोल्ड स्प्रिंग रोड,
६ सप्टेंबर

प्रिय सिरिल,

तू आणि डोना खुशाल असाल. मी बरी आहे. टोमॅटो यंदा इतके आलेत की शेजारी मला बघितलं की मोटारीच्या काचा वर करतात. चर्चच्या विक्रीसाठी अक्रोडाचे रोल लाटायला मला बोलावलं होतं. लाटणं मी डाव्या हाताने चालवलं आणि रोल वाकडे झाले, तरी सगळे खपले.

पत्र बघून तुझ्या भुवया वर गेल्या असतील. फोन असताना हिला ही काय अवदसा आठवली? तर ऐक. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. तुझी ही खोड पाळण्यातली आहे. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून कागद.

काल ऑगी एक लांबडा खोका घेऊन दारात उभा राहिला. आपला हा चुलतभाऊ एरवी हात हलवत येतो आणि जाताना काहीतरी उचलून नेतो, म्हणून मला आधीच संशय आला.

"हे काय?" मी विचारलं.

"सिरिलने पाठवलंय. क्रॉसबो. बंदुकीसारखा धरायचा, चाप ओढायचा, झालं काम. दोरी ताणायला हँडल आहे, नुसतं फिरवायचं. तुला ओढायला नको की काही नको."

"मग मी काय करायचं?"

"तू नुसतं बसायचं गं."

"नुसतं बसायचं असतं तर मी चर्चमध्ये बसले असते. तिथे गरम असतं."

ऑगीने मान खाजवली, चार टोमॅटो उचलले आणि निघाला. खोका मात्र इथेच ठेवून गेला. तो अजून तसाच बंद आहे, पुढच्या खेपेला घेऊन जा. क्रॉसबोला मी नावं ठेवत नाही. ज्याला तो लागतो त्याने खुशाल वापरावा. पण माझी दुधाची तहान ताकावर भागवायचं तू परस्पर ठरवलंस, मला एका शब्दाने विचारलं नाहीस, याचा मला राग आला आहे. नुसता राग नाही, संताप आला आहे.

खांद्याचं तुला ऑगीकडून उलटसुलट कळत असेल, तर माझ्याकडून सरळ ऐक. तीस वर्षं शाळेची बस चालवली. प्रत्येक थांब्यावर उजव्या हाताने तो दाराचा दांडा ओढला, आणि संध्याकाळी घरी येऊन त्याच हाताने धनुष्य ओढलं. बर्फावर पडले ते निमित्त. खांद्यातला स्नायूचा दोर आधीच विरलेला होता. सर्जनने तो हाडाला परत टाचला आणि म्हणाला, "आता काहीतरी हलकं करा. जलरंग वगैरे." मी म्हटलं, "डॉक्टर, जलरंग खाता येत नाहीत." त्याला विनोद कळला नाही.

वसंतात मला कॉफीचं भांडं उचलवत नव्हतं. दाराच्या मुठीला रबराचा पट्टा बांधून ओढत बसायचे. भिंतीवर कोळ्यासारखी बोटं चढवायचे, खिडकीच्या चौकटीपर्यंत पोचायला ईस्टर उजाडला. जूनमध्ये धनुष्य खुंटीवरून काढलं. दुकानात नेऊन त्याचा ताण उतरवून घेतला. सत्तावन्न पौंडांचा तो आता अडतीसचा आहे. शिकारीच्या कायद्याला पस्तीस लागतात. म्हणजे कायद्याच्या वर मी अजून तीन पौंड शिल्लक आहे.

रोज गवताच्या गठ्ठ्यावर कागदी थाळी टाचते आणि वीस पावलांवरून मारते. त्यापलीकडे हरणाने उभं राहून मला वाकुल्या दाखवल्या तरी बाण सोडणार नाही, हा शब्द. आजची थाळी पाकिटात घातली आहे. भोकं बघ. आणि मधला तो लाल डाग सॉसचा आहे, फार मनावर घेऊ नकोस.

शेवटचं. ऑगीच्या तोंडून निसटलं की झऱ्याजवळ तू माझ्यासाठी जमिनीवर एक खोपटं बांधलं आहेस, आत खुर्ची आणि हीटर, आणि बीचच्या झाडावरचं माझं मचाण त्याला दिलं आहेस. ते मचाण बाबांनी मला दिलं होतं. तुझं नव्हतं ते, म्हणून तुला देता येत नाही. शिडीला दोन हात लागतात असं म्हणशील. माझ्याकडे दीड आहे आणि दीड पुरतो, मी घराच्या छपरावर चढून बघितलं आहे. कमरेला पट्टा बांधेन, धनुष्य दोरीने वर ओढून घेईन, नेहमीसारखं.

ऑक्टोबरात शिकारीच्या कॅम्पवर येते. माझी गादी चुलीपासून लांब टाक, ऑगी घोरतो.

तुझी थोरली बहीण (हे विसरू नये म्हणून लिहिलं),
वेर्का


कोल्ड स्प्रिंग रोड,
२६ ऑक्टोबर

प्रिय सिरिल,

सुखरूप पोचले. रस्त्यात धुकं होतं. कोबी-नूडल्सचं पातेलं घासून ठेवलं आहे, ऑगी आला की देईन. इथे पानं बहुतेक गळली. परसातल्या सफरचंदाखाली रोज दोन हरिणी येतात आणि मी दार उघडलं तरी हलत नाहीत. मला ओळखून असाव्यात.

कॅम्पवर तुम्ही माझं फार केलंत. चुलीजवळची खुर्ची दिलीत. ताटात इतकं वाढलंत की ऑगीला सॉसेज कमी पडलं. रात्री कोणी मोठ्याने बोललं नाही. तू तर माझे बूटसुद्धा शेकोटीजवळ सरकवून ठेवलेस. जन्मात कधी माझ्या बुटांना हात लावला नव्हतास. मयताच्या घरी वागतात तसं सगळं चाललं होतं. मी "ऊब छान आहे" म्हटलं, तर तिघं-चौघं एकदम "हो हो" म्हणालात.

हे गोड गोड पुरे झालं. सिरिल, तू माझा शर्ट कापला नाहीस.

नियम तुला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण तू विसरल्यासारखा वागलास. कॅम्पवर ज्याचा नेम चुकला, त्याच्या शर्टाचा पाठीमागचा खालचा तुकडा कापायचा, त्यावर नाव आणि साल लिहायचं, आणि चुलीमागच्या भिंतीवर ठोकायचा. लहानमोठा कोणी सुटत नाही. बाबांचे पाच तुकडे आहेत. तुझे सात आहेत, आणि त्यातला एक लग्नाच्या शर्टाचा आहे, अजून डोनाला माहीत नाही. माझे तीन. ऑगीचे मोजायचे तर कॅम्पला आणखी एक भिंत लागेल.

माझा पहिला तुकडा आठवतो का? तू शाळकरी होतास, पण त्या दिवशी तिथे होतास. मी एकोणीस वर्षांची. कॅम्पवर तोवर बाईमाणूस आलं नव्हतं, बाबांनी सगळ्यांची तोंडं वाकडी असताना मला आणलं होतं. सकाळी मी एका हरिणीवर बाण सोडला आणि तो शेजारच्या बर्चच्या झाडात रुतला. सगळे जमले. आणि कोणी पुढे येईना. पुरुष माणसं टोप्या हातात घेऊन जमिनीकडे बघत उभी. एक जण म्हणाला, "जाऊ दे, पोरगी आहे." मला वाटलं, आता मेले तर बरं. मग बाबा आत गेले, बोथट कात्री घेऊन आले आणि आईने शिवलेला नवा फ्लॅनेलचा शर्ट त्यांनी उंदराने कुरतडावा तसा कुरतडून कापला. "पोरगी घरी," ते म्हणाले, "इथे हिचा नेम चुकलाय." त्या रात्री मला पहिल्यांदा कोणीतरी पत्त्यांच्या डावात घेतलं आणि पहिल्यांदा फसवलंसुद्धा.

सिरिल, त्या दिवशी मी कॅम्पची झाले. आणि या शनिवारी तुम्ही मला पुन्हा पाहुणी केलंत. तेव्हा पोरगी म्हणून, आता आजारी म्हणून. ऑगीला मी नीट बघितलं. तो कात्री अख्खा मोसम खिशात घेऊन हिंडतो. त्याचा हात खिशात गेला होता. तू त्याच्याकडे बघून मान हलवलीस आणि त्याचा हात रिकामा बाहेर आला. ते मी पाहिलं. त्यानंतर मी जेवले कशी, मला आठवत नाही.

तू म्हणशील, मग तिथेच का बोलली नाहीस? तेच सांगायला हा कागद घेतला आणि दोन पानं इकडचं तिकडचं लिहीत बसले.

तर काय झालं ते ऐक. सगळं ऐक. नऊच्या सुमारास गोठलेलं दव वितळायला लागलं होतं. एक हरणाचा नर ओढ्याकडून वर आला, खाली मान घालून, हुंगत. बीचपासून अठरा पावलांवर आडवा उभा राहिला. मी धनुष्य ओढलं. खांदा करकरला, तो रोजच करकरतो, पण हात गालापर्यंत आला आणि तिथे टिकला. मचाणावर मी तीन वेळा श्वास घेतला असेल. काही थरथरलं नाही. अडतीस पौंड, सबंध, माझे. सिरिल, इतकं बरं मला ऑपरेशनपासून कधी वाटलं नव्हतं.

आणि मग त्याने मान वर केली.

काय शिंगं होती! उजवीकडचं टोक बाहेर वळलेलं, मधला दांडा हस्तिदंतासारखा पांढरा. बाबा काय सांगायचे? "शिंगं भिंतीवर बघायची. झाडावर बसलं की फासळ्या बघायच्या. डोळा जातो तिथे बाण जातो." हेच वाक्य मी तुला शिकवलं, ऑगीला शिकवलं. आणि मी काय केलं? तोंड उघडं टाकून शिंगं बघत राहिले आणि बोटं सुटली. बाण त्याच्या पाठीवरून गेला. त्याने वळून पाहिलं, कान हलवला आणि चालत निघून गेला. पळालासुद्धा नाही मेला.

मी खाली उतरले. तुम्ही आलात. तू पानांतून बाण काढलास, बोटं फिरवलीस. रक्त नाही, केस नाही, कोरडा ठणठणीत. मग तू माझ्याजवळ आलास आणि हलक्या आवाजात विचारलंस, "खांदा का गं?"

आणि मी मान डोलावली.

का डोलावली? तू इतक्या मायेने विचारलंस म्हणून. आणि सबब आयती पुढ्यात आली होती म्हणून. नाचता येईना तर अंगण वाकडं, दुसरं काय? माझं अंगण सरळ होतं. त्या खांद्याने आपलं काम चोख केलं होतं. ज्या खांद्यासाठी मी सहा महिने भिंतीवर बोटं चढवली, त्याच्यावरच मी आळ घेतला, आणि तोही तुमच्यासमोर. रात्री तुम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतात, आणि मला त्याची लाज वाटायच्या ऐवजी स्वतःची वाटत होती.

मग मला कळलं की मला कशाची भीती वाटते. चुकण्याची नाही. या वयात हात एक दिवस खाली येणारच, सर्जनने स्पष्ट सांगितलं आहे, आतला दोर पुन्हा तुटला तर टाचायला काही उरलेलं नाही. हे तुला सांगितलं नव्हतं, आता सांगितलं. ते मी सोसेन. पण मी चुकले आणि कोणाला त्याचं नवल वाटलं नाही, अंतर किती होतं एवढंसुद्धा कोणी विचारलं नाही, हे मला सोसत नाही. ऑगी चुकला असता तर तुम्ही त्याला नाताळपर्यंत चिडवून सोललं असतं. मलाही सोला. माझा हक्क आहे तो.

या पाकिटात शर्ट पाठवते आहे. शनिवारी अंगात होता तोच, धुतलेला नाही. काप. नाव आणि साल घाल, आणि बाबांच्या शेजारी ठोक. खाली "खांदा" असं लिहिलंस तर मी येऊन भिंत पाडेन.

मी शिंगांकडे पाहिलं, सिरिल. हे सगळ्यांना वाचून दाखव.

वाट बघते आहे,
वेर्का


कोल्ड स्प्रिंग रोड,
५ नोव्हेंबर

प्रिय सिरिल,

पार्सल मिळालं. पोस्टमनने दारात ठेवलं आणि मला बघून दोन पावलं मागे सरला. चेहरा तसाच झाला असेल माझा, कारण बाहेरूनच हाताला कळलं की आत शर्ट आहे. अख्खा. फोडून बघितला. एक धागा तुटलेला नव्हता. तुला ज्या शिव्या दिल्या त्या आईला ठाऊक असलेल्या सगळ्या आणि एकदोन मी नव्याने शोधलेल्या. मग खिशात तुझी चिठ्ठी सापडली.

तुझं अक्षर मी पुन्हा पुन्हा वाचते आहे. आता ते चुलीमागच्या भिंतीला लावून ठेवलं आहे, म्हणून इथे उतरवून काढायला सोपं जातं:

"खुंटीवरचा शर्ट कापत नाहीत, अंगावरचा कापतात. एवढं विसरलीस? अठरा पावलं? अठरा?? आईने लाटणं फेकून मारलं असतं! ऑगीला वाचून दाखवलं, त्याने नाकातून कॉफी काढली. तो म्हणतो, वेर्काने शिंगं बघितली, आता मी सुखाने मरतो. खोपटं त्याला दिलं, त्याचे गुडघे गेलेत, तो हीटरवर खूश आहे. बीचवरचं मचाण मोकळं आहे. मोसमाच्या शेवटच्या आठवड्याला ये. लवकर ये, इथे सगळ्यांना तुझ्याशी बोलायचं आहे, आणि कोणी हळू बोलणार नाही."

आधी हसले. मग टेबलाशी बसून रडले, चांगली हुंदके देऊन. मग उठून गठ्ठ्यावर थाळी टाचली आणि अंधार पडेपर्यंत मारली. खांदा आता ठणकतो आहे, त्यावर मटारची गोठलेली पिशवी ठेवून डाव्या हाताने हे लिहिते आहे. अक्षराला नावं ठेवू नकोस.

नाताळपर्यंत माझी सालं काढणार, हे दिसतंच आहे. काढा. ऑगीला सांग, उत्तरं मी गाडी चालवताना तयार करणार आहे, चार तासांचा रस्ता आहे. आणि तुझ्या लग्नाच्या शर्टाचा विषय मी डोनापुढे काढायचा की नाही, हे तुम्ही मला किती छळता त्यावर ठरेल.

शुक्रवारी दुपारी पोचते. सोबत अक्रोडाचे दोन रोल, वाकडेच. लोणच्यातली अंडी तू आण. तो क्रॉसबोचा खोकाही गाडीत टाकते आहे. माझा हात खाली येईल त्या साली मी तो स्वतः उघडेन, तोवर कॅम्पवर पलंगाखाली राहू दे. बघ, मीही काही अगदीच आडमुठी नाही.

शर्ट तोच घालते आहे. मागचं टोक पँटच्या बाहेर सोडून येईन, म्हणजे तुला शोधावं लागणार नाही. भरपूर काप. भिंतीवर लांबून वाचता आलं पाहिजे. मग शनिवारी पहाटे पाठीला गार वारा घेत मी बीचवर चढेन, आणि तो पांढऱ्या शिंगांचा पुन्हा आला तर त्याच्या फक्त फासळ्या बघेन. बघितल्या नाहीत, तर शर्टाचं पुढचं टोकही तुमचंच.

बाबांनी बोथट कात्री वापरली होती, अर्धा तास लागला होता आणि मला हलता येत नव्हतं. तू धार लावून ठेव.

येते आहे,
तुझी, अठरा पावलांवरून चुकलेली,
वेर्का